पाय हलतो, हे मी लपवलं

माझी शाळा चौथीतच सुटली. वाचता चांगलं येतं, लिहिते हळू. बोलणं मात्र मला पहिल्यापासून जमत नाही. चार माणसं बसली की मी आत ओट्यापाशी जाऊन उभी राहते. त्यामुळे आजारपणात माझ्याबद्दल सगळे बोलले, मीच तेवढी बोलले नाही. आता बरं वाटतंय, तर या वहीत जमेल तसं लिहून ठेवते. कुणाला दाखवायचा विचार नाही. पण असाच पाय दुसऱ्या कुणाचा गेला आणि वही तिच्या हाती पडली, तर तिला एवढं कळावं की ती खोटी नाही.

पाय येईना

आम्ही मांजरी गावचे. आजूबाजूला आता उंच इमारती झाल्यात, पण आमचं दीड एकर अजून शिल्लक आहे. त्यात मेथी-कोथिंबीर करतो. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ आणि आम्ही दोघं. जावेला मी अक्का म्हणते. माझी मुलगी सासरी आहे. दुपारी ऊन कललं की मी आणि अक्का मेथी उपटून जुड्या बांधतो आणि पहाटे हे टेम्पोतून मार्केट यार्डात नेतात.

आषाढातली गोष्ट. वाफ्यात उकिडवी बसले होते. जुडी बांधून उठायला गेले, तर डावा पाय उठला, उजवा उठला नाही. मुंग्या आल्या असतील म्हणून चोळला. हाताला पाय कळत होता, पायाला हात कळत नव्हता.

"अक्का, माझा पाय येईना."

"येईना म्हंजे? कुठं गेलाय?"

ती हसली. मीही हसले. मग जोर करून उभी राहिले आणि बांधलेल्या जुड्यांवर आडवी झाले. अक्कानंच मला काखेत धरून घरापर्यंत आणलं. वाटेत दोनदा थांबली, पण सोडलं नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं तिच्याबद्दल वेगळंही लिहायचं आहे.

काही नाही

पहिल्या दवाखान्यात तीन दिवस होते. डोक्याचे फोटो काढले, पाठीचे काढले, पायाला सुया टोचून तारा लावल्या. मोठ्या मशीनमध्ये घातलं तेव्हा मी डोळे मिटून मावशीला आठवत होते. माझ्या मावशीला लकवा झाला होता. ती बरीच वर्षं बाजेवर होती आणि शेवटी शेवटी सून तिच्याकडे पाठ करून भाकरी सरकवायची. मला मरणाची भीती नव्हती. त्या भाकरीची होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. उभ्या उभ्या ह्यांना म्हणाले, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. यांना काही नाही. घरी न्या, टेन्शन घेऊ देऊ नका."

"मग पाय?" ह्यांनी विचारलं, तोवर ते पुढच्या खाटेपाशी गेले होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मलाही त्या संध्याकाळी आनंद झाला. लकवा नव्हता. सकाळी उठले, तर पाय तसाच. काही नाही, आणि पायही नाही. आता काय समजायचं ते मला कळेना.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. आमच्याकडे माणसापेक्षा रिपोर्ट मोठा. शेजारणी विचारायला यायच्या आणि जाताना दारात म्हणायच्या, "रिपोर्टमधी काय आलं न्हाय म्हणं." त्या "म्हणं"मध्ये सगळं असायचं.

अक्कावर दोघींचं काम पडलं होतं. पावसात एकटीनं मेथी उपटायची, धुवायची, जुड्या बांधायच्या. एकदा चिखलाचे हात धुता धुता ती मला ऐकू जाईल असं म्हणाली, "देवा, मला बी होऊ दे रं असलं काय न्हाय. मी बी बसंन पाय पसरून."

मला राग आला नाही. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या, त्या मला दिसत होत्या.

हे काही बोलायचे नाहीत. न्हाणीत बसायला स्टूल आणून दिलं. उचलून न्यायचे, आणायचे. पण दिवसातून चार वेळा एकच वाक्य म्हणायचे, "डॉक्टर म्हणलेत ना, काय न्हाय." जप केल्यासारखं. ते वाक्य ते एवढं धरून का बसलेत, हे मला तेव्हा समजलं नाही.

गौर आणली तो दिवस

आमच्या घरात गौरी सुनांनी आणायच्या. थोरल्या सुनेनं ज्येष्ठा, धाकटीनं कनिष्ठा. त्या वर्षी माझा पाय गेलेला, म्हणून अक्काची लेक कनिष्ठा आणणार होती. तिला ऐन वेळी यायला जमलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "शोभाला दारात बसवा. मुखवटा तिच्या ओटीत द्या, मग आत मी नेते. धाकटीचा हात लागला म्हंजे झालं."

मला उंबऱ्यापाशी पाटावर बसवलं. दारापासून गौरीच्या जागेपर्यंत रांगोळीनं पावलं काढली होती, प्रत्येक पावलावर हळदकुंकू. अक्का ज्येष्ठा घेऊन पुढं झाली. सासूबाई ताट वाजवत होत्या. ओटीत मुखवटा होता, तो मी दोन्ही हातांनी धरला.

सासूबाईंनी विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?"

याचं उत्तर मी पंचवीस वर्षं देत आलेय. "सोन्याच्या पावलानं," मी म्हणाले आणि उठले. उठायचं असं ठरवलं नव्हतं. माझं लक्ष मुखवट्याच्या नथीवर होतं, ती सुटायला आली होती. एका पावलावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा. गौर जागेवर बसवली, नथ नीट केली.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, ही चालली."

मी खाली पायाकडे पाहिलं आणि तिथंच कोसळले.

सासूबाई रडत माझ्या कपाळाला कुंकू लावत राहिल्या. गौरीनं पाय दिला, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. पण पाय परत गेला होता. संध्याकाळी मला उचलूनच न्यावं लागलं.

अक्का भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गौरीनं दिला म्हणता, मग परत कशापायी घेतला? गौर काय उसना पाय देती?" मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "मी डोळ्यानं बघितलंय, शोभा. आठ पावलं चाललीस तू. मी मोजलीत."

ह्यांनी मला खोलीत आणून बसवलं आणि दार लोटलं. "खरं सांग. येतंय का तुला?"

"मला माहीत न्हाय," मी म्हणाले.

खोटं बोलणारं माणूस "नाही" म्हणालं असतं. खरं बोलणारंही "नाही" म्हणालं असतं. मी म्हणाले, माहीत नाही. ह्यांचा चेहरा पडला आणि ते बाहेर जाऊन बसले.

पण ते खरं होतं. मला माहीत नव्हतं. मीच करत असेन का? घरात कुणी नसताना मी पायाला हुकूम सोडायची, ऊठ. तो उठायचा नाही. मग मी विचार करायची, की मी मनापासून म्हटलं नसेल. स्वतःवरचा विश्वास उडाला की कुणाला साक्षीला बोलवायचं?

तळव्याखाली हात

गौरी उठल्यावर गावातल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, की शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एक मॅडम आहेत, त्या अशाच आजारांचा अभ्यास करतात. एकदा दाखवा. हे मला रिक्षात घालून घेऊन गेले.

मॅडम वयानं माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. गौरीच्या दिवशीचं सगळं ह्यांनीच त्यांना सांगितलं. त्यांनी रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवली. "हे मी नंतर बघते. आधी शोभाताईंना बघू."

मला आडवं केलं. उजव्या टाचेखाली स्वतःचा तळवा ठेवला. "टाच खाली दाबा." मी जिवाच्या आकांतानं दाबली. काही झालं नाही. "बरं. आता तो पाय विसरा. डावा पाय वर उचला, मी वरून दाबतेय, तरी उचला." मी डावा उचलायला जोर लावला.

"आता उजवा पाय काय करतोय?"

"न्हाय करत काय."

"तो माझा हात गादीत रुतवतोय."

मी घाबरले. वाटलं, पकडले गेले. डोळ्यांतून पाणी आलं. मॅडमनी हात तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "रडू नका. ही या आजाराची खूण आहे. पायात जोर आहे, मेंदूही शाबूत आहे. पण तुम्ही मुद्दाम पाय हलवायला गेलात की निरोप अडतो. लक्ष दुसरीकडे गेलं की निरोप पोचतो. हे तुम्ही करत नाही. हे तुम्हाला होतंय."

आजाराचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर. त्या म्हणाल्या, पूर्वी सगळ्या तपासण्या करून काही सापडलं नाही की उरलंसुरलं म्हणून हे नाव द्यायचे. आता तसं करत नाहीत. अशा खुणा शोधून ओळखतात. त्या आणि त्यांचे सोबती हेच शोधत होते, की हा आजार लवकर कसा ओळखायचा आणि तो होतो कशानं. मला विचारलं, अभ्यासात याल का? कागद वाचून दाखवला. नाही म्हटलंत तरी उपचार हेच मिळतील, असं दोनदा सांगितलं. मी सही केली. सही करताना वाटलं, काही नसतं तर एवढा कागद कशाला केला असता.

वॉर्डातले दिवस

दोन आठवडे तिथं होते. सकाळी चहा, मग सिस्टर, मग राऊंड, मग व्यायामाची खोली. तिथं मला सरळ चालायला सांगायचेच नाहीत. आडवं चाला, उलटं चाला, भिंतीवरच्या कॅलेंडरातले सण वाचत चाला. उलटं चालताना पाय यायचा. सरळ चालताना अडायचा. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची.

फरशी पुसणाऱ्या एक बाई होत्या. सगळ्यांवर खेकसायच्या, "पाय वर." माझ्या खाटेपाशी आल्या की काही न बोलता माझा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायच्या, झोपलेलं लेकरू सरकवावं तसा. त्यांनी कधी विचारलं नाही की पायाला काय झालंय.

आठव्या दिवशी न्हाणीघरात बादली कलंडली. मी चटकन सरकले आणि उजव्या पायावर उभी राहिले. पूर्ण भार घेऊन. आनंद व्हायला हवा होता. मी दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले, कारण दुपारी अक्का डबा घेऊन येणार होती.

ती आली. मी पाय मेलेल्यासारखा पसरून ठेवला. ती डबा उघडताना पायाकडे बघत होती. मांडीत वळवळ झाली, ती मी दाबून धरली. बरं होतंय ते मी लपवत होते. बरी झाले, तर तिचं खरं ठरणार होतं. मग मला जन्मभर त्या घरात खोटी म्हणून राहायचं होतं. पाय परत हवा होता, पण असा नको होता.

व्यायामाच्या खोलीतही मी कमी चालू लागले. चार दिवस असे गेले.

वहीत लिहिलं

अभ्यासासाठी मॅडम रोज थोडे प्रश्न विचारायच्या. कधी पडलात का, ताप आला होता का, घरात कुणी गेलं का, कुणी मारहाण केली का. मी "व्हय" आणि "न्हाय"च्या पुढं जायची नाही. मग त्यांनी एक वही दिली. "बोलायला जमत नसेल तर लिहा. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही."

बाराव्या दिवशी मी त्यात एकच ओळ लिहिली. पाय हलतो, मी लपवते. वही त्यांच्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या खाटेवर बसल्या. "कुणापासून?"

"घरच्यांपासून. तुमच्यापासून बी."

"असं लपवणाऱ्या मला बऱ्याच भेटल्यात. आधी आम्ही डॉक्टरच 'काही नाही' म्हणतो. मग बिचारीला बरं व्हायचीही चोरी." वही मिटून म्हणाल्या, "घरच्यांना बोलवू का? जे मी केलं ते त्यांना करून बघू दे. तुमची तयारी असेल तरच."

मला रात्रभराचा वेळ दिला. सकाळी मी "बोलवा" म्हणाले. माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा निर्णय कधी एकटीनं घेतला नव्हता. लग्नसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

हे आले, अक्का आली. सासूबाई घरी थांबल्या. मॅडमनी ह्यांना पुढं बोलावलं. "टाचेखाली हात ठेवा." ह्यांनी माझ्या पायाला हात लावताना आधी बोटं शर्टाला पुसली. टाच खाली दाबायला सांगितलं. नाही दाबली गेली. मग डावा उचलायला सांगितला.

ह्यांचा हात गादीत दबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"आता तुम्ही," मॅडम अक्काला म्हणाल्या.

अक्कानं हात ठेवला, पुन्हा तेच झालं. ती हात काढून म्हणाली, "म्हंजे हलतोय की पाय. मी तेच सांगत हुते. मलाच सगळी वाईट म्हणत हुती."

"तुम्ही बघितलंत ते बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "घरात नीट बघणाऱ्या तुम्हीच. गौरीच्या वेळी त्या चालल्या, ते लक्ष मुखवट्यावर होतं म्हणून. पायाकडे बघितलं आणि पडल्या. तुम्ही त्याला नाटक समजलात. आमच्याकडे यालाच आजार ओळखायची खूण म्हणतात. सोंग करणारी चार लोकांसमोर चालून दाखवेल का?"

 अक्कानं रिकामा डबा पिशवीत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

ह्यांचा प्रश्न

अक्का खाली गेल्यावर हे थांबले. माझ्यासमोर मॅडमना विचारलं, "हे माझ्यामुळं झालं का?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पाय जायच्या आठेक दिवस आधी बांधावर माझा तोच पाय मुरगळला होता. सुजला होता. मी बसते म्हणाले होते आणि हे म्हणाले होते, "चालतंय, उद्याचा बाजार चुकायला नको." मी विसरूनही गेले होते. हे विसरले नव्हते. म्हणून "काय न्हाय" एवढं धरून बसले होते. काही नसेल तर त्यांचाही काही दोष नव्हता. दोन महिने आम्ही दोघं एकाच खोलीत आपापलं लपवत होतो.

मॅडम लगेच नाही म्हणाल्या नाहीत, हे मला आवडलं. "मुरगळण्याचं निमित्त झालं असेल. काहींना दुखापतीनंतर होतं, काहींना तापानंतर, काहींना मनावर मोठा आघात झाल्यावर. काहींच्या बाबतीत काहीच सापडत नाही. एवढ्या जणांचे पाय मुरगळतात, त्यांना होत नाही. का, ते आम्हाला अजून माहीत नाही. तेच तर शोधतोय. पण तुमच्यामुळं झालं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणण्याजोगं माझ्याकडे काही नाही."

"म्हंजे कारण न्हाय?"

"असेल. सापडलेलं नाही. कारण सापडेपर्यंत बरं व्हायचं थांबायला नको."

हे खाटेच्या कडेला बसले. बराच वेळ त्यांनी माझा पाय हातात धरून ठेवला होता. मला तो हात कळत होता, धूसर, जाड कापडातून लागावा तसा. मी सांगितलं, "कळतोय." एवढंच बोललो.

घरी

पूर्ण बरी झाले असं लिहिलं तर ते खोटं होईल. घरी आले ती काठी घेऊन. महिन्या-दीड महिन्यानं काठी सुटली. अजूनही दमले, नाहीतर कुणी टक लावून पाहिलं, की पाय अडतो. कधी घटकाभर, कधी दिवसभर. पहिल्यासारखी घाबरत नाही. अभ्यासासाठी अधूनमधून मला बोलावतात, मी जाते. शोध लागला का, असं विचारते. मॅडम म्हणतात, थोडा थोडा लागतोय.

सासूबाई अजून गौरीनंच पाय दिला म्हणतात. मी मोडता घालत नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की शेजारणींच्या बोलण्यातलं "म्हणं" गेलेलं नाही. ते जाणारही नाही. सगळ्या गावाला टाचेखाली हात ठेवायला लावता येत नाही.

अक्कानं माफी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही. दवाखान्यातून आल्यावर ती मला टोमणे मारायची थांबली, पण बोलायचीही थांबली. कामापुरतं. मला ते टोमण्यांपेक्षा जड गेलं.

परवा चैत्रातल्या उन्हात गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. अक्का चादर घेऊन वर गेली. मी मागून चिकाचं पातेलं घेऊन निघाले आणि अर्ध्या जिन्यात पाय अडला. हातात गरम पातेलं, मागं जाता येईना, पुढं जाता येईना. अक्का वरच्या पायरीवर आली. मला पाहिलं. मला वाटलं, आता खाली येईल आणि काखेत धरील, नाहीतर नुसती बघत राहील.

ती म्हणाली, "तुझ्या पोरीच्या लग्नात वरण खारट झालं हुतं. ते तूच केलंस."

 "मी? अक्का, मी तवा ओटी भरत हुते. मीठ तुमच्या बहिणीनं टाकलं."

"माझी बहीण चुलीकडं फिरकली बी न्हाय."

"फिरकली न्हाय कशी? हिरव्या साडीत हुती. डाव घेऊन ढवळत हुती. सगळ्यांनी बघितलंय."

"हिरवी न्हाय, मोरपंखी हुती. आन् ती वाढायला हुती, वरणाला न्हाय."

"वाढायला तुमच्या माहेरचं एक माणूस उठलं न्हाय त्या दिवशी, अक्का. उगा सांगू नका."

एवढं उलट मी अक्काला कधीच बोलले नव्हते. बोलता बोलता शेवटच्या पायरीवर आले होते. पातेलं खाली ठेवलं तेव्हा लक्षात आलं.

अक्काच्या तोंडावर राग नव्हता. चादरीचं एक टोक तिनं माझ्याकडे फेकलं. तिचं तोंड शेजारच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे होतं. मी जिना चढत होते तेव्हापासून तिकडेच होतं. माझ्या पायाकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं.